नंदूनं भरलेला रांजण

प्रिय बबे,

हे पत्र मी भागवत मुकादमांच्या हाती देते आहे. टोळीतली मागं राहिलेली माणसं घेऊन ते परवा तुमच्या कारखान्याकडं निघतील. फोन करून करून मी थकले. तू उचलत नाहीस आणि उत्तरेश्वरदाजी उचलतात तेव्हा त्यांचं एकच उत्तर असतं, "ती मोळ्या बांधायलीय, मागून करंल." तुझं ते 'मागून' वर्ष होत आलं तरी उजाडलेलं नाही. म्हणून कागद. कागद तुला कट करता येणार नाही. फार तर पाचटाच्या कोपीतल्या चुलीत घालशील, पण घालायच्या आधी वाचशील. सिरसाळ्याच्या शाळेत दुसऱ्यांच्या वह्या चोरून वाचायची खोड होती तुला, ती काही ऊस तोडून गेली नसेल.

आधी इकडची खबर सांगते. पाऊस बरा झाला. विहिरींना पाणी आहे, तरी नळ आठवड्यातून एकदाच येतो, ते काही बदललं नाही. आमच्या मालकांच्या शेळ्यांना यंदा करडं चांगली झाली. माझ्यापेक्षा ते करडांशीच जास्त बोलतात, आणि करडं उलटून बोलत नाहीत म्हणून खूश असतात. मुक्ता पाचवीत गेली. वेणी आता तिची तीच घालते. वाकडी येते, पण कुणाला हात लावू देत नाही. मीही आग्रह करत नाही. तुझ्या युवराजचे पुढचे दात आले का, हे मला फार दिवसांपासून विचारायचं आहे.

आणि मला गावात काय म्हणतात, माहीत आहे? डासबाई. हसू नको. दर शुक्रवारी आपल्या गल्लीत कोरडा दिवस असतो. पिंप, हंडे, टाकी, जे जे भरलेलं असेल ते रिकामं करायचं, आतून काथ्यानं घासायचं आणि उन्हात पालथं घालायचं. मी आणि कौशल्याबाई दारोदार फिरतो. कूलरच्या तळाशी बघतो, फ्रिजच्या मागच्या ताटलीत बघतो, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पत्र्यांवर टाकलेल्या टायरांत बघतो. आम्ही दिसलो की लोक दार ओढून घेतात. मग कौशल्याबाई बाहेरूनच ओरडतात, "दार लावून काय व्हतंय? डास काय कडी वाजवून येतंय व्हय?" पंचायतीनंही एकदा धुराचं मशीन फिरवलं. पोरं धुरामागं पळाली, सरपंचांनी फोटो काढून घेतला, खालच्या आळीतले डास वरच्या आळीला पाहुणे म्हणून गेले आणि धूर निवल्यावर आपापल्या घरी परतले. पाण्यात वळवळते तेव्हाच अळी मारायची, उडाल्यावर मागं पळून काय उपयोग? हे मी इतक्या वेळा बोलले आहे की मालक म्हणतात, झोपेतसुद्धा तेच बोलतेस.

यंदा दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या तेव्हा मात्र मोठं भांडण झालं. तुला आपली रीत ठाऊकच आहे. घराला कुलूप लावून निघायच्या आधी रांजण काठोकाठ भरून ठेवायचा. भरलं घर माणसाला परत बोलावतं, रिकामं बोलावत नाही. पालथं भांडं तर घरातलं कुणी गेल्यावरच. सासूच्या सासूपासून चालत आलेलं. त्या रीतीला हात घालायचा म्हणजे म्हाताऱ्यांच्या अंगावर पाल टाकण्यासारखं. मी म्हणाले, रांजण घासा, वाळवा आणि तळाला मूठभर ज्वारी ठेवून वरून फडकं बांधा. घर रिकामं राहत नाही, पाण्यानं नाही तर दाण्यानं भरलेलं राहतं. दोन दिवस सगळ्या तोंड फिरवून होत्या. मग कौशल्याबाईंनीच आधी आपल्या सुनेच्या रांजणात ज्वारी टाकली आणि म्हणाल्या, "उंदरांचं कल्याण झालं बघ." त्यांच्यामागून एकेकीनं टाकली. यंदा कुलपाच्या एकूण एका घरात कोरडा रांजण आहे आणि त्यात मूठभर ज्वारी आहे.

तुझं घर सोडून.

ते सांगायचं तर मागं जावं लागतं. वाचवत नसेल तर थोडं थांब, पाणी पी आणि परत वाच. गेल्या वर्षी तुम्ही निघालात ती सकाळ मला रोज दिसते. नंदूची चौथीची शाळा बुडू नये म्हणून तिला मागच्या आळीत तुझ्या थोरल्या दिरांच्या, सुंदररावांच्या घरी आजीजवळ ठेवायचं ठरलं होतं. ट्रॅक्टर उभा होता, दाजी सामान बांधत होते आणि तू रांजण भरायचा राहिला म्हणून ओरडत होतीस. नंदूनं आपली छोटी कळशी घेतली. शाळेचा फ्रॉक ओला होत होता, तू म्हणत होतीस सांडू नको, आणि ती टाकीपासून परसापर्यंत मोजून न होणाऱ्या खेपा घालत होती. भिंतीच्या अलीकडून मी आणि मुक्ता बघत होतो. शेवटची कळशी ओतताना ती टाचा उंच करून उभी राहिली आणि म्हणाली, "आये, आता आपलं घर रिकामं न्हाई ना? तुमी येईस्तवर पुरतंय बघ." तू तिच्या ओल्या डोक्यावरून हात फिरवलास. तेवढाच.

पुढचं तुला ठाऊक आहे आणि मलाही. शाळा सुटली की ती सुंदररावांकडं न जाता आधी आपल्या घराच्या ओट्यावर यायची. मुक्ता आणि ती भिंतीला टेकून अभ्यास करायच्या, एकमेकींच्या वेण्या घालायच्या. दुपारचे डास चावायचे, खाजवायच्या, हसायच्या. दिवसाच्या डासाला कोण घाबरतं? मग ताप आला. तुझ्या सासूबाईंना वाटलं बाहेरचं आहे, त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. डॉक्टरनं सुई दिली. ताप उतरला तेव्हा आम्ही सगळे हुश्श झालो, आणि ताप उतरल्यावरच ती गळायला लागली. पोट दुखतंय म्हणाली. अंबाजोगाईला नेईपर्यंत रक्तातल्या पेशी पार खाली गेल्या होत्या. तुम्ही मिळेल त्या टेम्पोनं आलात. तुम्ही पोचलात तेव्हा तिला पांढऱ्या चादरीत ठेवलेलं होतं. ते मी लिहीत नाही.

लिहायचं आहे ते तिसऱ्या दिवसाचं. आरोग्याची माणसं गल्ली तपासायला आली होती. तुझ्या घराचं कुलूप उघडलं आणि त्यांच्यातल्या एकानं रांजणात बॅटरी मारली. पाणी वळवळत होतं. तो पोरगा नवा होता, त्याला घरातलं काही माहीत नव्हतं. त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं की डास इथंच झालेत. गल्लीतल्या प्रत्येकीनं तुझ्याकडं पाहिलं. मीही पाहिलं असेन. तू रांजणाकडं एकदा बघितलंस आणि युवराजला काखेत घेऊन जी निघालीस ती आजपर्यंत गावाकडं तोंड केलं नाहीस. ऊस संपला तर तिकडंच वीटभट्टी धरलीस.

बबे, तू तिला मारलं नाहीस. हे तुला कुणीतरी मराठीत, धडधडीत सांगायला पाहिजे होतं. त्या दिवशी पुढच्या प्रत्येक कुलपाच्या घरात तशीच वळवळ सापडली. कौशल्याबाईंच्या सुनेच्या रांजणात सापडली. आमच्या शेळ्यांच्या पाण्याच्या दोणीत सापडली. डासाच्या पाठीवर घराचं नाव लिहिलेलं नसतं. तू तेच केलंस जे माझ्या सासूनं केलं असतं, मी केलं असतं. परत यायचं आहे म्हणून घर भरून ठेवलंस. लेकरू जगावं म्हणून केलेली गोष्ट होती ती.

आता जे इथं चाललंय ते ऐक. तुम्ही गेल्यावर आरोग्याच्या माणसांनी रांजणात औषध टाकलं, पाणी तसंच राहिलं; सुंदररावांनी कुलूप लावलं आणि किल्ली तुझ्या सासूबाईंकडं दिली. शिमग्यानंतर गल्लीत कुजबुज सुरू झाली की बबिताच्या घरात काहीतरी आहे. भर दुपारी, सगळीकडं सामसूम असताना, बंद घरातून पाणी ओतल्याचा आवाज येतो. आधी मला खोटं वाटलं. मग मीही ऐकला. आधी बुडबुड, मग धार, मग एकदम गप्प. लहान कळशीतून ओतावं तसा. मुक्ता माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, नंदू आली का?" मी तिला रागावले आणि ओढून आत घेतलं. मालक त्या दिवसापासून शेळ्या तुझ्या दारावरून नेईनात, लांबच्या वाटेनं नेऊ लागले. लोकांनी दारावर लिंबू-मिरची बांधली.

भूत असो की देव, परसात पाणी कोण सांडतंय हे बघितल्याशिवाय मला चैन पडणार आहे का? मी पिंपावर चढले आणि भिंतीवरून डोकावले. तुझ्या सासूबाई होत्या. पदरानं डोकं झाकून, तांब्या दोन्ही हातांनी धरून, रांजणात पाणी घालत होत्या. उन्हानं आटलेलं भरून काढत होत्या. वैशाखात गावाला टँकर होता, माणशी पाणी मिळत होतं, तेव्हा स्वतःच्या प्यायच्या वाटणीतलं आणून घालत होत्या. मला बघून त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "नंदूचं पानी हाय त्यात, रोहिने. आटलं तर तिचं कायबी ऱ्हात न्हाई. तळाला थोडं हाय तवर मी वरून घालीन. मिसळतंय ते तिच्या पान्यात. कावून रडायलीस? जा, पोरीला जेवू घाल." मी भिंतीवरून उतरले. घरात येऊन मुक्ताला जेवायला वाढलं.

तेव्हापासून मी काय काय केलं नाही! फडकं बांधलं, तर पाणी घालायला त्या ते सोडायच्या आणि परत बांधायला त्यांच्या हातांत जोर नाही. युसूफ वडगावच्या बाजाराला गेले होते तेव्हा तिकडच्या हौदातून बरणीभर गप्पी मासे आणले. ते अळ्या खातात, पाणी ओतावं लागत नाही. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. दुसऱ्या दिवशी म्हातारी बरणी घेऊन आमच्या दारात. "माळकऱ्याच्या रांजनात मासं सोडलीस व्हय गं? माजी पोर पीत व्हती त्यातलं!" सगळे मासे वेचून त्यांनी आमच्या शेळ्यांच्या दोणीत सोडले. तिथं त्यांचा वंश वाढला आहे. शेळ्या पाणी पिताना बिचकतात.

तुला वाटेल, एवढी डासबाई झालीस तर कुलूप तोडून रांजण आडवा करायचास. गल्लीतल्या माणसांनी हेच म्हटलं. श्रावणात परत ताप सुरू झाले तेव्हा चौघे-पाच जण पहार घेऊन दारात आलेही. सुंदरराव बाजूला उभे होते. म्हणाले, "घर बबिताचं हाय, तिनं सांगितल्याबिगर मी काय बोलू?" तुझ्या सासूबाईंनी स्वतःच दार उघडलं आणि त्या रांजणाला पाठ टेकून बसल्या. एकाचाही हात पुढं झाला नाही. पहार खाली ठेवून माणसं निघून गेली. मी गावभर दुसऱ्यांची भांडी पालथी घालते आणि माझ्या भिंतीपलीकडचं एक भांडं मला हलवता येत नाही. त्याच भिंतीला टेकून माझी मुक्ता अभ्यास करते. मी तिला पुढच्या खोलीत बसवते, अंगभर कपडे घालते, दुपारीही मच्छरदाणी लावते, कडुलिंबाचं तेल चोपडते. ती परत तिथंच जाऊन बसते. तिला कोण सांगणार की ती जागा सोड?

आणि नुसतं पाणी ओतून भागत नाही, हेही मला कळलं आहे. त्या डासाची अंडी पाण्याच्या वर, रांजणाच्या कडेला चिकटून असतात. वाळली तरी मरत नाहीत, महिनोन् महिने वाट बघत राहतात आणि पाणी चढलं की जागी होतात. हे ऐकल्यापासून मला त्या रांजणाकडं बघवत नाही. म्हातारी वरून पाणी घालते आणि त्यांना उठवते. आतून घासल्याशिवाय तो रांजण मोकळा होणार नाही.

गेल्या आठवड्यात तुझ्या सासूबाईंना ताप भरला. यंदा कुणी मीठमोहऱ्या ओवाळल्या नाहीत, त्याच दिवशी अंबाजोगाईला नेलं. पेशी उतरल्या आहेत. बाटल्या चालू आहेत. डॉक्टर 'बघू' म्हणतात, अजून 'घाबरू नका' म्हणत नाहीत. सुंदररावांनी दाजींना फोन केला होता, दाजींनी तुला सांगितलं की नाही कोण जाणे. मी भेटायला गेले तेव्हा सासूबाईंनी कमरेची किल्ली काढून माझ्या पदराला गाठीत बांधली आणि म्हणाल्या, "मी येईस्तवर तू घाल पानी. आटू देऊ नगं." मी त्यांचं पांघरूण सारखं केलं. त्यांच्या हाताचा चटका अजून मनगटाला आहे.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. काल दुपारी मी भाकरी थापत होते. तुझ्या सासूबाई अंबाजोगाईला खाटेवर, किल्ली माझ्या पदराला, आणि भिंतीपलीकडून पाणी ओतल्याचा आवाज आला. तीच बुडबुड, तीच धार. मी तशीच पिठाच्या हातानं उठले, कुलूप काढलं, परसात गेले. कुणी नव्हतं. रांजणातलं पाणी खाली गेलं होतं, कड कोरडी पडली होती. आणि बबे, माझ्या हातात आमच्या घरचा भरलेला तांब्या होता. तो मी कधी भरून घेतला, मला आठवत नाही. रांजणावर तो वाकवलेलाही होता. मला नंदूची भीती वाटत नाही, ती आली तर मी तिला जवळ घेईन. मला माझी भीती वाटते. तो तांब्या मी उंबऱ्याबाहेर रिकामा केला आणि हे लिहायला बसले. तू ये. भागवत मुकादम परत येतील त्या गाडीनं ये, युवराजला घेऊन ये. ते पाणी ओतायचा हक्क आमच्यापैकी कुणाचा नाही, तुझा आहे. दोघी पोरींनी लावलेला शेवगा आता भिंतीच्या वर गेला आहे, त्याच्या बुडाला ओतू. मग तू आणि मी मिळून रांजण आतून घासू, आणि दवाखान्यात जाऊन म्हातारीला तूच सांग की आता पुरे. तुझ्याशिवाय ती कुणाचं ऐकणार नाही. कुणी तुझ्याकडं बघणार नाही. बघितलं तर मी आहे. तुझ्या रांजणासाठी मूठभर ज्वारी मुक्तानं निवडून ठेवली आहे. मैत्रिणीच्या घरात ठेवायची आहे म्हणून तिनं त्यात एकही खडा राहू दिलेला नाही.

तुझीच, भिंतीच्या अलीकडची,
रोहिणी